ट्रॉम्सोच्या काळोखात वापरलेला दहा हजार लक्सचा दिवा

सुट्टीला कोल्हापुरात आल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. तिकडं थंडी किती, आणि तिकडं म्हणे दोन महिने सूर्यच उगवत नाही, ते खरं का? थंडीचं उत्तर सोपं आहे. मी राहते ते नॉर्वेतलं ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर असलं तरी समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास राहतं. आतून लोकरीचे कपडे घातले की निभतं. अंधाराचं उत्तर मात्र लांबलचक आहे. आता माझा आतेभाऊ सप्टेंबरात शिकायला फिनलंडमधल्या ओउलूला निघालाय, आणि परवा त्यानं विचारलं, "ताई, तो तुझा दिवा मी पण घेऊ काय? का उगंच पैसे घालवायचं काम?"

हा दिवा म्हणजे काळोख्या हिवाळ्यात रोज सकाळी समोर लावून बसायचा प्रखर पांढरा दिवा, शरीराला दिवस झाल्याचं कळावं म्हणून. घे. पण कसला घ्यायचा, कुठं ठेवायचा, कधी लावायचा हे कळल्याशिवाय घेऊ नकोस, कारण त्यावाचून तो नुसता भिंतीवर उजेड पाडत बसतो. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इथून उत्तरेला निघालेल्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय. ओउलूत ट्रॉम्सोसारखी पूर्ण ध्रुवीय रात्र, म्हणजे सूर्य उगवतच नाही असा काळ, नसते, तरी डिसेंबरात दिवस साडेतीन तासांवर येतो. कोल्हापूरच्या माणसाला तेवढंही पुरे आहे.

आपल्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांचा, सगळ्यात लहान अकरा तासांचा. हा दोन तासांचा फरक सहा महिन्यांत पडतो, म्हणजे दिवसाला मिनिटभरही नाही. दिवस लहान झाला हे आपल्याला कळतं ते साडेसहाला रंकाळ्यावर काळोख दिसतो म्हणून, बाकी शरीराला त्याची दखलसुद्धा घ्यावी लागत नाही. ट्रॉम्सोत नोव्हेंबरात दिवस रोज पंधरा-वीस मिनिटांनी कापला जातो. १० नोव्हेंबरला जेमतेम पाच तासांचा दिवस असतो आणि २७ च्या सुमारास तो संपतो. मग १५ जानेवारीपर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. भोवती डोंगर असल्यामुळे शहरात तो प्रत्यक्ष दिसायला २१ जानेवारी उजाडते.

तिथला अंधार भयाण नसतो, हे आधी सांगायला हवं. डिसेंबरातही अकरा-साडेअकराच्या सुमाराला आभाळ निळं-जांभळं होतं, दक्षिणेकडे गुलाबी पट्टा दिसतो, बर्फावर ते रंग उतरतात आणि दोन-तीन तास रस्ता नीट दिसतो. मला ते फार आवडलं. त्रास झाला तो वेगळाच. पहाटे तीनला टक्क जाग यायची आणि सकाळी नऊला डोळे उघडायचे नाहीत. कामावर एकच ईमेल पुन्हा पुन्हा वाचावा लागायचा. पोटभर जेवल्यावरही गोड खावंसं वाटायचं; आईनं मार्चपर्यंत पुरतील म्हणून दिलेले डिंकाचे लाडू नोव्हेंबर संपायच्या आत संपले. हे सगळं मी नव्या नोकरीवर, नव्या जागेवर ढकलत होते. पण आईला फोन करायचाही कंटाळा यायला लागला, तेव्हा मात्र हे नव्या जागेचं नव्हे हे लक्षात आलं.

याच दिवसांत इथं अंबाबाईचा किरणोत्सव असतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात आणि देवीच्या चरणांपासून वर सरकत मुखापर्यंत जातात. तसंच पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. ढग आले, हवेत बाष्प असलं तर किरण अर्ध्या वाटेतच विरतात, म्हणून प्रत्येक वर्षी सगळे श्वास धरून बघत असतात. आई दरवर्षी जाते. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं फोन केला. "आज तोंडापर्यंत पोचली बघ किरणं. मी अगदी समोरनं बघून आलो." इथले साडेसहा वाजले होते, माझ्याकडे दुपारचे दोन. माझ्या खिडकीबाहेर सूर्य मावळलेला होता.

किरणोत्सव वर्षातून दोनदाच का, हे लहानपणापासून बघूनही मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कागद घेऊन बसले. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या कोनात मावळतो, त्याच कोनात तो उत्तरेकडे परतताना मावळतो. २१ डिसेंबरच्या अलीकडे सहा आठवडे, पलीकडे सहा आठवडे. त्या दोन्ही वेळी किरण महाद्वाराच्या रेषेत येतात. आणि ट्रॉम्सोची सबंध ध्रुवीय रात्र या दोन किरणोत्सवांच्या मधे बसते. हे कळल्यावर मला माझ्या हिवाळ्याचं वेळापत्रकच मिळालं: नोव्हेंबरच्या किरणोत्सवाला दिवा सुरू, फेब्रुवारीच्या किरणोत्सवानंतर हळूहळू बंद. त्याच आठवड्यात दिवा आणला.

दिवा दिसायला अगदी साधा आहे. फूटभर रुंद, दीड फूट उंच अशी सपाट पांढरी चौकट, आत एलईडी, पुढं दुधी झाकण, मागं उघडझाप होणारा पाय. एकच बटण. साधारण दीड हजार क्रोनर पडले, म्हणजे आपले बारा-तेरा हजार रुपये. खोक्यावर "१०,००० लक्स" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. या आकड्यापाशी मी थांबले, कारण लक्स हे उजेड मोजायचं एकक मी बाबांच्या वर्कशॉपात लहानपणापासून ऐकत आलेय.

उद्यमनगरात बाबांचं लेथचं वर्कशॉप आहे. ऑडिटवाले आले की टेबलाटेबलावर उजेड मोजतात, म्हणून बाबांनी स्वतःचा लक्स मीटर घेऊन ठेवलाय. लेथवर किती उजेड हवा आणि मोजमापाच्या टेबलावर किती, यावरून कामगारांशी त्यांची रोजची चर्चा. मी तो मीटर मागवला. उशिरा निघालेल्या दिवाळीच्या फराळाबरोबर, ओळखीच्या एका मुलाच्या बॅगेत, चिवड्याच्या पिशवीखाली तो ट्रॉम्सोला पोचला. मग मी घरभर मोजत सुटले.

रात्री बैठकीच्या खोलीतले सगळे दिवे लावले तरी दीडशेच्या आसपास. ऑफिसात टेबलावर चारशे-पाचशे. डिसेंबरात भर दुपारी, बाहेर मोकळ्या आभाळाखाली, काटा शंभरीसुद्धा गाठत नव्हता. आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. म्हणजे डोळ्यांना "उजेड आहे की" असं वाटत असलं तरी ती समजूत फसवी असते. डोळा काळोखाला इतका झटकन सरावतो की दीडशे लक्समध्ये आपण आरामात पोहे निवडतो, पुस्तक वाचतो, आणि शरीर मात्र आत रात्रच धरून बसतं.

आता दिव्याचं. खोक्यावरचे दहा हजार लक्स खरे निघाले, पण चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर असेल तेव्हा. हातभर मागं सरकलं की आकडा चौथाईच्या आसपास येतो. खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर तो साध्या ट्यूबलाइटपेक्षा फार काही देत नाही. हे कुठल्याच कंपनीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत नसतं. अंतर बारीक अक्षरांत आतल्या कागदावर असतं. माझ्या एका सहकाऱ्यानं स्वस्तात पडला म्हणून तळहातापेक्षा जरा मोठा दिवा मागवला होता. त्याच्यावरही दहा हजारच लिहिलेलं. मीटर लावला तर नाक दिव्याला टेकेल इतक्या जवळ गेल्याशिवाय तो आकडा येईना. तसं कोण बसणार? म्हणून माझं पहिलं सांगणं हे की लक्सचा आकडा एकटा वाचू नका, त्याच्या शेजारचे सेंटिमीटर वाचा. आणि चौकट जितकी मोठी तितकं मान हलवली तरी उजेड डोळ्यांवर राहतो. मोठाच घ्या.

दहा हजारच का, यामागं खरं कारण आहे. १९८० मध्ये संशोधक आल्फ्रेड लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रात्री माणसाच्या डोळ्यांवर ५०० लक्सचा उजेड पाडला तर झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन हटत नाही, २,५०० लक्सचा पाडला तर हटतं. तोवर समजूत अशी होती की प्राण्यांवर होतो तसा उजेडाचा परिणाम माणसावर होत नाही. खरं म्हणजे दिवे कमी पडत होते. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर हिवाळ्यात येणाऱ्या उदासीच्या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं आणि त्यावर उजेडाचा उपचार करून पाहिला. सुरुवातीला २,५०० लक्ससमोर तासन्‌तास बसावं लागायचं. पुढं १०,००० लक्स आणि अर्धा तास हे प्रमाण रूढ झालं, कारण नोकरी करणाऱ्या माणसाला अर्धा तास जमतो. २००२ च्या सुमारास हेही कळलं की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्यांचं मुख्य काम चित्र बघणं नव्हे; निळसर उजेड टिपून मेंदूला दिवस झाला हे कळवणं. त्यामुळं दिव्याकडे टक लावून बघायची गरज नाही. डोळे उघडे हवेत आणि दिवा समोर जरा बाजूला, डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडा वर हवा, एवढं पुरे.

वेळ सकाळचीच. उठल्यावर तासाभराच्या आत. ज्याचा दिवा लहान होता त्याच सहकाऱ्यानं पुढं मोठा घेतला, पण संध्याकाळी कामावरून आल्यावर मन लागत नाही म्हणून आठ वाजता त्याच्यासमोर बसायला लागला, आणि रात्री दोनपर्यंत जागा राहायला लागला. दिवा आपलं काम चोख करत होता: त्यानं शरीराला रात्री आठ वाजता सकाळ झाल्याचं सांगितलं.

मी सकाळी साडेसहाला बसायचे. जेवणाच्या टेबलावर दिवा, शेजारी चहा, पोहे किंवा पावाबरोबर कांदा-लसूण चटणी, आणि समोर फोनवर आई. आपल्याकडे तेव्हा अकरा वाजलेले असतात. आई स्वयंपाक उरकून गच्चीवर वाळवणाजवळ बसलेली असायची, मागं शाहूपुरीतली लखलखीत उन्हं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अगं, तुझं तोंड किती पांढरं दिसतंय, बरी हाईस न्हवं?" दिवा दाखवला तेव्हा तिला पटलं. नंतर तीच वेळ मोजायची. अर्धा तास झाला की "बंद कर आता" म्हणायची.

माझे मामा तरुणपणी गंगावेश तालमीत होते. त्यांना हे सगळं सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. पहाटे चारला अंधारात उठून मेहनतीला लागायचं, आज अंग दुखतंय, उद्या पाऊस आहे, असं मनाला विचारत बसायचं नाही. ठरल्या वेळेला आखाड्यात उतरलं की अंग आपोआप जागं होतं, असं त्यांचं म्हणणं. दिव्याचंही तसंच आहे. रविवारी उशिरापर्यंत लोळत पडलं आणि सोमवारी रविवारचाही मिळून तासभर लावला, असं चालत नाही. वेळ तीच, रोज, सुट्टीच्या दिवशीही. "मेहनत चुकवायची न्हाई," मामांनी फोनवर बजावलं, आणि सगळा हिवाळाभर मी ते पाळलं.

गुण यायला किती दिवस लागले? झोप आठवड्याभरात रुळावर आली, हे मला सगळ्यात आधी जाणवलं. पहाटे तीनची जाग गेली, रात्री साडेदहाला डोळे मिटायला लागले. मन उजळायला त्याहून जास्त, दोनेक आठवडे गेले. ते एका दिवसात होत नाही. एका संध्याकाळी घरी येताना दुकानात शिरून आलं-कोथिंबीर घेतली आणि रस्सा करायला घेतला, तेव्हा कळलं की कितीतरी दिवसांत मी स्वतःसाठी नीट स्वयंपाकच केला नव्हता. गोडाची ओढ कमी झाली पण गेली नाही. आणि डिसेंबरचे मधले दिवस दिवा असूनही जड गेले. तेव्हा कुणी सांगितलं असतं की दिव्यानं सगळं ठीक होतं, तर मी मानलं नसतं. तो दिवसाला सुरुवात देतो. उरलेला दिवस आपल्यालाच रेटावा लागतो.

दोष सांगते. मागचा पाय तकलादू आहे. टेबलाला धक्का लागला की चौकट पुढं कलंडते. मी मागं मिक्सरचं भांडं ठेवायचे. उजेड कमी-जास्त करायची सोय नाही, आणि पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखलं, डोळे चुरचुरले. थोडं लांब ठेवून दहा मिनिटांपासून सुरुवात केली असती तर ते टळतं, असं आतल्या कागदावर लिहिलेलं आहे आणि ते बरोबर आहे. ठरावीक वेळानं आपोआप बंद होणारं बटण हवं होतं. वायर आखूड आहे. आणखी एक म्हणजे घरात दुसरं कुणी झोपलेलं असेल तर या दिव्यापुढं पडदा लावूनही भागत नाही, त्याला वेगळी खोली लागते. विद्यार्थी एकाच खोलीत दोघं राहणार असतील तर दोघांनी मिळून एकच वेळ ठरवावी.

हे सगळं असलं तरी मी त्याला पाचपैकी साडेचार देईन.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नये. ज्यांना कधी मूड टोकाला जाण्याचा, म्हणजे बायपोलर आजार झालाय, त्यांच्यात तीव्र उजेडानं उन्माद उफाळू शकतो. डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, मधुमेहानं पडद्याला इजा झाली असेल, किंवा उन्हाला त्वचा-डोळे हळवे करणारी औषधं चालू असतील, तरीही आधी विचारा. दिवा नीट लावूनही काही आठवडे कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो दिव्याचा विषय राहत नाही. नॉर्वेत राहणाऱ्या प्रत्येकाला ठरलेला एक डॉक्टर मिळतो. त्याच्याकडे जाऊन सरळ सांगायचं. तिथं हिवाळ्यातल्या उदासीबद्दल बोलायला कुणी लाजत नाही, आणि आपणही लाजू नये. घरच्यांनाही सांगा. आपल्याकडे आई-वडिलांना काळजी नको म्हणून पोरं फोनवर "मस्त आहे" म्हणत राहतात, आणि तिकडे अंधारात एकटी पडतात. मला हे फार मनापासून सांगायचंय.

दिव्यानं ड जीवनसत्त्व मिळत नाही. बऱ्याच जणांना वाटतं उन्हासारखा उजेड म्हणजे उन्हाचे सगळे फायदे. पण चांगल्या दिव्यात अतिनील किरण मुद्दाम गाळलेले असतात, आणि ड जीवनसत्त्व त्याच किरणांनी तयार होतं. त्यासाठी नॉर्वेतले लोक कॉड माशाच्या यकृताचं तेल घेतात. ज्या महिन्यांच्या नावात "र" येतो त्या सगळ्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत, असा त्यांचा जुना नेम आहे. चव मला चालली. ज्यांना चालत नाही त्यांना गोळ्या मिळतात. तिथलं रोजचं प्रमाण प्रौढांना १० मायक्रोग्रॅम आहे. इथून जाताना डॉक्टरांकडून रक्त तपासून घेतलंत तर आणखी बरं, कारण उन्हातल्या आपल्या शहरातही घर-ऑफिस-गाडी असं राहणाऱ्यांत कमतरता असतेच.

दुपारी बाहेर पडणं हे दिव्याइतकंच महत्त्वाचं. मीटरवर शंभरीही न गाठणारा उजेड असला तरी चालणं होतं, माणसं दिसतात. ट्रॉम्सो बेटावर आहे आणि बेटाच्या माथ्यावर प्रेस्तव्हानेत नावाचा तलाव आहे, हिवाळ्यात गोठलेला. मला रंकाळ्याला फेरी मारायची सवय, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी तिथं जायला लागले. बेटावरून जाणाऱ्या पायवाटेला दिवे आहेत; त्या उजेडात म्हाताऱ्या बायका स्कीवरून माझ्या पुढं निघून जायच्या. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आणि अंगावर लटकवायची चमकणारी पट्टी या दोन गोष्टी तिथं पोचल्या पोचल्या घ्या, प्रश्न विचारू नका.

संध्याकाळचा उजेड वेगळा हवा, हे मी तिथल्या लोकांकडून शिकले. प्रत्येक खिडकीत छोटा पिवळसर दिवा, नाताळच्या आधी कागदी तारा आणि सात मेणबत्त्यांची विजेची कमान, पडदे उघडेच. छताचा पांढरा लख्ख दिवा रात्री कुणी लावत नाही. मी आकाशकंदील लावला आणि दिवाळी संपल्यावर काढलाच नाही. सकाळी पांढरा भरपूर, रात्री पिवळा थोडा, एवढं पाळलं की सकाळच्या दिव्याचा गुण दुप्पट होतो असा माझा अनुभव. हळूहळू उजळत उठवणारं घड्याळही घेऊन पाहिलं. उठणं सोपं होतं, पण त्याचा उजेड फार कमी. दिव्याच्या जागी ते चालणार नाही. पैसे एकाच वस्तूला असतील तर दिवा घ्या.

२१ जानेवारीला ट्रॉम्सोत सूर्याचं स्वागत करतात. जॅम किंवा क्रीम भरलेले गोल तळलेले बन खातात, आणि सगळे दक्षिणेच्या डोंगरांकडे बघत उभे राहतात. त्यानंतर दिवस तितक्याच झपाट्यानं वाढतो जितक्या झपाट्यानं गेला होता. आईनं २ फेब्रुवारीला पुन्हा किरणोत्सवाचं सांगितलं तोवर माझ्याकडेही सूर्य दिसायला लागला होता, आणि मी दिवा अर्ध्या तासावरून पंधरा मिनिटांवर आणला. मार्चमध्ये तो कपाटात गेला. मेच्या विशीनंतर तिथं सूर्य मावळतच नाही, तेव्हा शोध जाड काळ्या पडद्यांचा सुरू होतो.

परवा इथं भर पावसात मी बाबांचा तोच मीटर घेऊन गच्चीवर गेले. पंचगंगा पात्राबाहेर आलेली, चार दिवस सूर्याचं दर्शन नाही, शेजारच्या काकू "काय हा काळोख" म्हणत कपडे आत घेत होत्या. छत्री धरून बाबांनी मीटर वर केला. दहा हजारांच्या वर. आपल्या श्रावणातल्या ढगाळ आभाळाखाली उभं राहिलं की ट्रॉम्सोत विकत घ्यावा लागणारा उजेड मिळतो. म्हणून कोल्हापुरात राहणाऱ्यांना हा दिवा अजिबात लागत नाही; इथं उदास वाटत असेल तर सकाळी अर्धा तास बाहेर चाला.

निघणाऱ्यांसाठी शेवटचं. दिवा इथून नेऊ नका, तिथंच घ्या. वीज तिकडेही २३० व्होल्टचीच आहे, पण सामानातलं वजन आणि वॉरंटी दोन्ही वाया जातात. त्याऐवजी बॅगेत लक्स मीटर टाका, तो लहान आहे आणि इथं स्वस्त मिळतो. मोबाइलमधलं अ‍ॅप अंदाजाला ठीक, पण फोनाफोनात आकडा फार बदलतो. दिवा ऑक्टोबर संपायच्या आत घ्या. नोव्हेंबर उजाडला की सगळ्यांना एकदमच आठवण होते, दुकानातले मोठे दिवे संपतात, आणि मागवलेला येईपर्यंत दिवस सगळ्यात वेगानं घटण्याचा पंधरवडा निघून गेलेला असतो. घेताना चार गोष्टी बघा: किती सेंटिमीटरवर दहा हजार लक्स, चौकट निदान फूटभर आहे का, अतिनील किरण गाळलेत असं लिहिलंय का, आणि पाय भक्कम आहे का. ऑनलाइन घेतला तर युरोपात १४ दिवसांत परत करता येतो. खोका फाडू नका. टेबलावर जिथं बसून चहा पिणार तिथं, चेहऱ्याच्या जागी मीटर धरा, आणि आकडा येत नसेल तर परत पाठवा.